एकाहत्तरावं पान

उन्हं उतरली की फळीवर येतात बाया,
डोक्यावर गाठोडी, बोटांची पेरं काळी.
तेंदूचा डाग साबणाने निघत नाही.
तो आषाढात जातो, रोवणीच्या चिखलात,
आपला आपण.

यंदा ग्रामसभेने वही माझ्याकडे दिली.
बारावी पास, अक्षर बरं, म्हणून मुन्शी.
पुडकं म्हणजे सत्तर पानं.
वाळूवर ओळीत मांडायचं, मोजायचं, लिहायचं.

जैवंता हलामीची एकशे चाळीस पुडकी.
एक उचलून मोजलं : एकाहत्तर.
दुसरं : एकाहत्तर.
तिसऱ्याची वाकाची गाठच सोडली.
"काकी, चुकतंय तुमचं."

"चुकत नाही व माय.
ठेकेदाराचा मुन्शी एक पान काढे.
फाटलं म्हणे, किडकं म्हणे,
अन् पुडकं कमी म्हणून फेकून दे.
मंग मीच एक जास्त घालाले लागलो.
काढ म्हनलं, काढ. सत्तर उरतेच."

त्याच्या सायकलीला दोन घंट्या होत्या, म्हणाली.

त्याच सायकलीवर मी
कोरचीच्या शाळेत गेले, पाच वर्षं.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब करते :
एकशे चाळीस पानं. दोन पुडकी.
हे एका दिवसाचं.
हंगाम पंधरा दिवसांचा.
वर्षं किती, तिला आठवत नाही,
मला विचारवत नाही.

तिच्या नावापुढे लिहिते, एकशे बेचाळीस.
शाईची डबी उघडेपर्यंत
तिचा अंगठा कागदावर उमटलेलाही असतो.

"काकी, उद्यापासून सत्तरच आणा."
"बोटांले सांगून पाह्यतो," म्हणते ती,
आणि रिकामं फडकं झटकते.