इतर स्रोत

शिवडी नाक्याला झेरॉक्सच्या दुकानात
लॅमिनेशनच्या मशीनमागे माझं टेबल.
जुलै संपत आला की पेन्शनर येऊ लागतात,
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक,
पासबुकाला रबरबँडने बांधलेलं पॅनकार्ड.

प्रभावती तांडेल दर वर्षी नवऱ्यामागून यायच्या
आणि बाहेरच उभ्या राहायच्या, ऊन असलं तरी.
हरेश्वर तांडेल, गोदीतल्या टगवर सारंग.
चौतीस वर्षं जहाजं ओढून धक्क्याला लावली.
पेन्शनचा आकडा मी "वेतन" या रकान्यात टाकला
की ते खुर्चीत जरा ताठ व्हायचे:
"बघ, सरकार अजून पगारच म्हणतंय.
म्हणजे आपण बोटीवरून उतरलो नाही."

या वर्षी त्या एकट्या आत आल्या.

मी म्हटलं, मावशी, दोन फॉर्म भरावे लागतील.
एप्रिल ते ऑक्टोबर त्यांचा, वारस म्हणून तुम्ही.
नोव्हेंबर ते मार्च तुमचा.
"एकाच वर्षाचे दोन?"
एकाच वर्षाचे दोन.
त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं,
वर्ष नेमकं कुठे उसवलंय ते शोधावं तसं.

ओटीपी वाजला तो त्यांच्या पिशवीत.
नवऱ्याचा फोन.
"बंद नाही केला. रिचार्ज मारते दर महिन्याला."
सहा आकडे त्यांनी एकेक करून सांगितले,
पाणी किती वाव आहे ते सांगावं तसे.

सादर करणारा: स्वतः.
गेल्या वर्षीचं आपोआप आलेलं.
ते बदलून मी "प्रतिनिधी" केलं.
काही बोलले नाही.

मग त्यांचा फॉर्म.
वेतन: शून्य.
खाली या, अजून खाली.
बचत खात्याचं व्याज, ठेवीचं व्याज,
रिफंडवर मिळालेलं व्याज,
आणि त्याच यादीत कुटुंब निवृत्तिवेतन.
वर ठळक अक्षरांत: इतर स्रोत.

"इतर म्हणजे?"
म्हणजे पगार नाही, भाडं नाही, धंदा नाही,
कशातच बसत नाही ते.
"भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा यायची
आणि माझी चूल तिच्या घड्याळावर.
रात्री दोनला डबा, कधी पहाटे चारला.
तो कुठे टाकतेस?"

कर्सर "रक्कम" या चौकोनात लुकलुकत होता.
एक्क्याण्णव हजार, मी टाइप केलं.

यातला तिसरा हिस्सा सुटतो, मी सांगू लागले,
किंवा पंचवीस हजार, दोन्हींत कमी असेल ते.
त्या एकदम पुढे सरकल्या.
"तिसरा हिस्सा? आला का तो परत?"

मला कळायला वेळ लागला.
निवृत्त होताना पेन्शनचा तिसरा हिस्सा त्यांनी विकला होता,
पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी, एकरकमी.
पंधरा वर्षं कापणार, मग पुन्हा पूर्ण पेन्शन.
तो महिना त्यांनी दर नव्या कॅलेंडरवर
आधीच गोल करून ठेवलेला असायचा.
तीन महिने कमी पडले.

नाही मावशी, तो नाही. हा वेगळा.
"आमच्या बापाच्या होडीवर वाट्यावरून भांडणं व्हायची,"
त्या म्हणाल्या, "पण कुठला वाटा कुणाचा
हे कळायचं तरी."

कर शून्य.
ठेवीवर बँकेने कापलेले अकराशे चाळीस परत येतील.
शेवटची पडताळणी राहिली. मावशी, तुमचा मोबाईल?
"माझा कुठला? हाच."
आणि पिशवीत तोच फोन पुन्हा वाजला.

"दोन फॉर्म, म्हणजे दोनदा पैसे?"
मी एकाचेच घेतले.
त्यांनी सुटे मोजून ठेवले, फोन पदराने पुसला,
आणि सवयीने बाहेर जाऊन
थोडा वेळ उन्हात उभ्या राहिल्या.

काउंटरवर कुणीतरी घाईत सांगत होतं,
आधारकार्ड, दोन्ही बाजू,
एकाच पानावर.