निनावेची फाईल

परसोडीचा आयटी पार्क, तिसरा मजला,
एसी बंद, मे महिना,
आणि समोर तन्मय निनावेनं मागे ठेवलेल्या
अकरा हजार ओळी.
तो पुण्याला गेला. जाताना पार्टी दिली,
फाईलबद्दल बोलला नाही.

पहिल्याच पडद्यावर क्लास भेटतो: संत्रा-बटण.
बटण हिरवं आहे.
दुकानाचा रंग बदलला तीन दिवाळ्यांपूर्वी,
नाव तसंच राहिलं.
मी हसत नाही.
मी ज्या कॉटन मार्केटावरून येते तिथं भेंडी मिळते,
आणि आमची इतवारी सोमवारीही उघडी असते.
शहराला हे चालतं,
विचारलं तर सांगणारं कोणीतरी असतं पानठेल्यावर.
फाईलमध्ये रात्री दोन वाजता
कोणाला विचारणार?
मी लिहिलं: मुख्य-बटण.
करतं ते काम, तेच नाव. रंग उद्या कुठलाही येवो.

रंग सगळे वर नेले, एका जागी.
आधी एकच हिरवा एक्केचाळीस ठिकाणी होता,
त्यातले सात जरा जरा वेगळे,
जसा ज्याच्या डोळ्याला दिसला तसा.

मग पत्ते.
पानातल्या चौकटीतल्या यादीतल्या तिसऱ्या ओळीतला दुवा.
असा पत्ता माझे मामा सांगतात:
टाकीवरून डावीकडे, कडुनिंबासमोर, सायकलवाल्याच्या मागं.
मेट्रोचे खांब आले, सायकलवाला उठला,
मामांचं कुरियर आता आमच्याकडे येते.
दाराला आपली पाटी लाव ना बापा,
एवढंच तर म्हणते मी.

आणि तो ओरडा!
दोनशे चौदा ओळींच्या शेवटी 'इम्पॉर्टंट'.
रविवारी देवतळेभाऊच्या ठेल्यावर
सगळेच म्हणतात, मले पहिले, मले पहिले,
तेव्हा भाऊ कोणाकडेच पाहत नाही.
पोहे एका कढईत, तर्री वेगळ्या गंजात.
कोणाला जास्त झणझणीत पाहिजे
म्हणून तो दुसरी कढई चढवत नाही,
वरून एक पळी ओततो.
प्लेट हातात धरून मी उभी राहिले,
पोहे थंड झाले.

तिसऱ्या शुक्रवारी गांधीबागेतून पौनीकरांचा फोन:
'मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही?
साइट तर तशीच दिसून राहिली.'
तशीच दिसते.
अकरा हजारांच्या चार हजार झाल्या
आणि एक केसही हलला नाही.
याचं बिल कसं लावायचं, मला अजून जमलं नाही.

एक ओळ मात्र ठेवली.
उणे तीन पिक्सेल. का, ते कळत नाही.
शेजारी त्याची टीप: हात लावू नका. निनावे.
लावला.
मोबाइलवर पैसे भरायचं पान गायब.
गुपचूप जागेवर ठेवली,
खाली लिहिलं:
मीही लावून पाहिला. वैदेही हेडाऊ,
आज सेहेचाळीस अंश.