शून्यावर

सायनला, दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर
लोबो मॅडम दुर्वाच्या केसांत भांग पाडतात,
तीन ठिकाणी थंडगार जेल लावून वायरी चिकटवतात,
कानाच्या पाळीला चिमटा.
"टोचत नाही, शॉक नाही,
हे यंत्र फक्त ऐकतं."
"मग बोलतं कोण?" दुर्वा विचारते
आणि उत्तर यायच्या आत
खुर्ची तीनदा फिरवून घेते.

पडद्यावर एक होडी.
डोक्यातल्या लहरी नेमक्या पट्ट्यात आल्या की पुढे सरकते,
सुटल्या की जागच्या जागी डुलते.
वल्हं नाही, बटण नाही, हात मांडीवर.
पहिल्या दिवशी पोरीने होडीकडे असं रोखून पाहिलं
की दात आवळले गेले, कपाळावरची शीर उडायला लागली.
होडी ढिम्म.
"फसवी आहे ही," म्हणाली, आणि वायर उपटली.

मी भात बाजारात वजनकाटे दुरुस्त करतो.
एका बैठकीचे बाराशे, अशा चाळीस,
म्हणजे किती काटे, हा हिशेब मी जिन्यातच केला होता.
डॉक्टरांनी सरळ सांगितलं,
काही मुलांना उपयोग होतो, काहींना नाही,
खात्री मागू नका.
तेवढ्यावरच मी पैसे भरले.
जो शपथ घेऊन माप देतो
त्याचा काटा मी आधी उघडून बघतो.

शाळेच्या डायरीत लाल शाई:
आज सात वेळा जागेवरून उठली.
आज दुसरीच्या डब्यात पेन्सिल ढवळली.
आत्या म्हणते, धाक नाही घरात.
धाक होता.
मखमलीच्या पेटीतलं दोन ग्रॅमचं वजन हरवलं
त्या रात्री मी तिला मारलं,
आणि चार दिवसांनी ते कंपासपेटीत सापडलं,
खोडरबराच्या कागदात नीट गुंडाळलेलं.
"त्याला थंडी वाजत होती," म्हणाली.

इब्राहिमचाचांकडे मी काम शिकलो.
काटा डुलायला लागला की नवशिक्याचं बोट आपोआप पुढे जातं.
माझंही गेलं. चाचांनी बोटावर फूटपट्टी मारली.
"धरून थांबवलेला काटा
खोटं वजन सांगतो, बेटा.
हात मागे घे. हवा बंद कर. बघत राहा."

सतरावी बैठक.
खाली टेम्पो मागे येत होता, त्याची ती बेसूर धून.
दुर्वाने मान वळवली नाही.
होडी हलली.
खडकापर्यंत गेली, खडकाला वळसा घातला,
मी काचेबाहेर श्वास मोजायचा सोडून दिला,
अर्धा पडदा, त्याहून थोडा जास्तच,
आणि मग तिच्या ध्यानात आलं की होडी चालतेय,
ती हसली,
होडी थांबली.

"काय केलंस गं?"
"काही नाही. विसरले तिला.
पण सोडलं नव्हतं."
लोबो मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं.
मी घेतलं नाही, तरी राहिलं.

परवा संध्याकाळी फोनवर एका व्यापाऱ्याशी
माझं जुंपलं होतं, चार महिन्यांची उधारी,
आवाज चाळीच्या टोकापर्यंत.
दुर्वा पलंगाखाली अर्धी शिरून गृहपाठ करत होती,
नुसते पाय दिसत होते, तेही हलते.
तिथूनच म्हणाली,
"बाबा, होडी."
माझं तोंड उघडंच राहिलं.
पलीकडचा हॅलो हॅलो करत होता.

आज बावीसावी झाली. आज होडी जेमतेम हलली.
घरी येऊन तिचे केस धुतोय,
वाळलेलं जेल खळीसारखं निघतंय,
ती मोरीत एका पायावर उभी राहून
मला नवीन मैत्रिणीच्या कुत्र्याचं सांगतेय,
साबण माझ्या डोळ्यांत.
आणि पाण्याची बाटली दवाखान्यातच राहिली,
या महिन्यातली तिसरी.
लोबो मॅडमनी म्हणे खिडकीत
ओळीने मांडून ठेवल्यात.