उगमावरची कपात

पासबुकात दर महिन्याला एक हजार नऊशे सत्तर कमी.
आधी वाटलं विम्याचा हप्ता असेल,
किंवा बँकेचं काहीतरी, जे बँकेला विचारायचं नसतं.
वर्षभर मी नारळ मोजून विकले
आणि हे मोजलं नाही.

फोंड्याला, वरच्या बाजारात, केंकऱ्यांनी
चष्मा कपाळावर सरकवला:
"वहिनी, तुमच्या नावावर कर काहीच जमा नाही.
सगळा गोकुळदास भरतायत."

गोकुळदास तारी. फेरीबोटीवर इंजिन ड्रायव्हर, वळवई ते सुर्ला.
मागच्याच्या मागच्या चतुर्थीला अकरा दिवस असताना गेले,
त्या वर्षी माटोळी बांधली नाही.

पेन्शन माझी, पॅन ह्यांचा.
दहा अक्षरं. चौथं पी, म्हणजे व्यक्ती.
पाचवं टी, आडनावाचा.
ही दोन तेवढी आमची जुळतात.
बाकीची आठ कुणी पत्रिकेसारखी बघितलीच नव्हती.

शिवाय, केंकरे म्हणाले,
कौटुंबिक पेन्शनवर बँकेने कापायचंच नसतं.
कापलं तर त्याला म्हणतात उगमावरची कपात.
उगम!
एकतीस वर्षं हे नदीच्या ह्या काठावरून त्या काठाला गेले.
लांबीला कधी गेलेच नाहीत.

मग माशेलच्या बँकेत फेऱ्या.
(फेरी हा शब्द आमच्या घरात दुसऱ्याच अर्थाने नांदला.)
मृत्यूचा दाखला, प्रत्येक वेळी नवी प्रत,
प्रत्येक प्रतीवर माझी सही आणि "खरी प्रत".
ह्यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं,
ते चौदा अर्जांवर लिहिलं,
इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एका चौकटीत एक.
शेवटच्या दोन चौकटी दर वेळी रिकाम्या उरायच्या.

तीन नंबरला रोवेना बसते. पोरगी चांगली,
बोलता बोलता कंप्युटर माझ्याकडे वळवला:
"आंटी, सिस्टीममध्ये ते अजून चालू आहेत."
मी पाहिलं. नाव, जन्मतारीख,
शेजारी हिरवा ठिपका.

तापातसुद्धा बोटीवर जायचा हा माणूस.
एक तारखेला घरी पैसे कमी देऊन
कुणाकुणाचं आधी भागवायचा.
तेच चाललं होतं की.

"बंद करू?" रोवेनाने विचारलं.
मागे रांग होती. कुणीतरी खोकलं.
मी म्हटलं, "दुरुस्त कर."

कार्तिकात पैसे आले.
तेवीस हजार सहाशे चाळीस, वर आठशे सव्वीस व्याज.
व्याज उशिराचं असतं, केंकऱ्यांनी समजावलं.
कुणाच्या उशिराचं, ते मी विचारलं नाही.
त्यांची फी दिली, पाव किलो खाजं घेतलं,
बसने वळवईला उतरले.

धक्क्यावर बोट लागलेली.
चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पूर्वीपासून नाही.
पलीकडे माझं काम नव्हतं.
चढले. स्कूटरवाल्यांच्या मधे कठड्याला धरून उभी राहिले.
सुर्ल्याला सगळे उतरले.
इंजिनवरच्या पोराने भुवई उडवली: तुम्ही?
मी खाज्याची पुडी त्याच्यापुढे धरली
आणि त्याच बोटीने परत आले.