दार सोडून

बंद पडलेल्या जिनात, सरकीच्या पोत्यांमागं सापडली ती.
टपच नव्हता. डाव्या शिटावर कोंबडी अंड्यांवर बसलेली,
ती उठेपर्यंत आम्ही एकवीस दिवस थांबलो.

मी ट्रॅक्टरवाला माणूस. माझे पाने तिला लागेनात:
अकराचा घट्ट, बाराचा सैल,
विलायतेत मधलंच काहीतरी माप चालत असावं.
कार्बोरेटरला शिलाई मशीनचं तेल पाजलं.
रज्जाकनं रेडिएटर झाळून दिला आणि विचारलं,
"दोघंच बसतात? मंग लेकरं कुठी बसवाची?"

दाराचा निळा रंग खरवडला, त्याखाली हिरवा,
त्याखाली पांढरं वर्तुळ, वर्तुळात सदतीस.
कुठली शर्यत, कोण हाकत होतं,
जिंकलं की खंदकात गेलं –
जिनाच्या वह्या चाळल्या. एकच नोंद मिळाली:
मॅनेजर साहेबांचे गाडीस चामडी पट्टा,
नग एक, सव्वातीन रुपये.

उकंडराव आले. शंकरपटाचे जुने धुरकरी.
त्या वर्षी पटावर बंदी, हात रिकामे.
नंबर त्यांनी पाहिलाच नाही.
बॉनेटवरच्या पट्ट्यात बोट घालून ताण पाहिला,
मागच्या चाकाशी उकिडवे बसले
आणि बऱ्याच वेळानं म्हणाले,
"पयेल हाये हे, बापा.
पयेल जनावर उभं रायलं तरी
वजन मांगच्या पायावर ठेवते."

तळेगावच्या वाटेवर पटाचं मैदान,
दोन्ही चाकोऱ्यांत तरोटा माजलेला.
उकंडराव डाव्या शिटावर, गुडघे छातीशी,
मुठीत स्टॉपवॉच,
धोतराचा सोगा दाराबाहेर.
बैलांना ओरडतात तसेच ओरडले.
मी क्लच सोडला.

एक सिलिंडर मधेच रुसला. तोंडात कुसळं, डोळ्यांत धूळ.
चुन्याची रेघ केव्हाच पुसलेली,
ती त्यांना दिसली. बटण दाबलं.
"अकरा."
घड्याळाकडे पाहतच राहिले.
"माह्या तुऱ्या-बाजिंद्याले साडेआठ लागे."
मग त्यांना हसू आवरेना, आणि मला.
हरलेल्या गाडीचं बॉनेट थोपटलं त्यांनी.
चांगलंच तापलं होतं. हात काढला नाही.

घरी पोरगा रंगाचा डबा उघडून उभा:
"बाबा, आख्खी लाल करू?"

कर म्हटलं. दार सोडून.