उजवं पारडं

दर रविवारी बाबा बिल्ला घासायचे.
चिंचेचा कोळ, चुलीतली राख, शेवटी
जुन्या धोतराच्या सोग्याने कोरडा करून
छातीशी धरून बघायचे, बनियनवरच.

अंडाकृती पितळ, तळहातात मावेल एवढं.
मधोमध तराजू, खाली आडवी तलवार,
वर अर्धा सूर्य, की अर्धं चाक, तेही नक्की नव्हतं.
दांडिया बाजारातल्या पोरांना वाटायचं
माझे वडील पोलिसात आहेत.
मी कधी सांगितलं नाही की ते फक्त नावं पुकारतात,
तीनदा, कचेरीच्या व्हरांड्यातून,
सुरसागरावरची कबुतरं उडतील अशा आवाजात.

"तलवार आडवी का?"
"निजलीय. उठवायची ती साहेबांनी, आपण नाही."
"पारडी सारखी कशी?"
कधी म्हणायचे, न्याय सारखा म्हणून.
कधी, कारागिराचा हात चांगला म्हणून.
एकदा जेवताना, कोणी विचारलेलं नसताना म्हणाले,
"रिकामी आहेत ना. रिकामं सगळं सारखंच दिसतं."
आणि ताकात भात कालवला.

डभोईहून मणिबेन पढियार यायच्या.
भिंतीचा दावा. एकीकडे दीर, एकीकडे त्या, मध्ये वीतभर जागा.
सात वर्षं बाकाच्या त्याच टोकाला,
पदरात शेंगदाणे, त्यातले चार बाबांना.
त्या दिवशी पुकारा झाला, आत जाता जाता थांबल्या,
देवाच्या पायाला लावावं तसं
बिल्ल्याला बोट लावून म्हणाल्या,
"भाई, आ एक पल्लुं तो घसाई गयुं छे."

घरी येऊन बाबांनी बिल्ला दिव्याखाली धरला.
खरंच.
डाव्या पारड्याच्या साखळीची कडी न् कडी मोजता येत होती.
उजवं म्हणजे नुसता फिकट फुगवटा,
जखम भरून आल्यावर राहतो तसा.
बावीस वर्षं रविवारचा अंगठा
तिथूनच सुरुवात करत आला होता.
कोणी लाच दिली नव्हती,
कोणी दांडी मारली नव्हती.
नुसती निष्ठा, चिंच लावून.

मांडवीच्या कंसाऱ्याने भिंग लावलं, मान हलवली.
सरकारी मालाला छिन्नी लावणार नाही म्हणाला.
पण गंमत म्हणून आपल्या काट्यावर टाकला:
"साडेनऊ तोळे. नवा असताना दहा तरी असेल."
अर्धा तोळा न्याय
आमच्या मोरीतून वाहून गेला होता.

पुढच्या रविवारपासून बाबा फक्त डावी बाजू घासू लागले.
उजवीकडे हिरवट कळंक चढला.
नाझरसाहेबांचा मेमो आला:
बिल्ला अस्वच्छ, लेखी खुलासा करावा.
बाबांनी रात्रभर विचार करून एकच ओळ लिहिली,
'हुजूर, अस्वच्छ नाही, बरोबरी करीत आहे.'
दोन रुपये दंड.

मणिबेनच्या भिंतीचं काय झालं मला माहीत नाही.
एका तारखेला नाव तीनदा पुकारलं, बाकाचं टोक रिकामं.
बाबांनी चौथ्यांदा पुकारलं,
तसं करायची रीत नसताना.
घरी आल्यावर हे त्यांनी आईला सांगितलं, मला नाही.

निवृत्तीच्या दिवशी बिल्ला टेबलावर ठेवावा लागला.
रजिस्टरात नोंद झाली: पितळी, नग एक, झिजलेला.
कोणती बाजू, याला रकाना नव्हता.

कोट मात्र घरीच राहिला.
खाकी विटून विटून राखेवर आलीय,
छातीवर तेवढी एक जागा अजून गडद,
अंड्याच्या आकाराची,
ऊन न लागलेली.
तिथे तराजू नाही, तलवार नाही.
कधी धुवायला काढला तर
तेवढी जागा मी चोळत नाही.