लायनर

जुन्या एस्टीमच्या दारांत नवे स्पीकर बसवले
सात रस्त्याजवळ. वायर सोलता सोलता
पोरानं विचारलं, "ब्रेक कधी बघितले?"
मी म्हटलं, आधी आवाज.

होटगी रोडला बेस असा घुमला
की आरशातला ट्रकसुद्धा थरथरला.
शेजारी अप्पा.
बत्तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
मागांना कान देऊन आलेले.
दिलेले कान परत कोण देतं?

त्यांनी चपला काढल्या,
तळवे पत्र्यावर टेकले.
आसरा चौकात गाडी थांबता थांबता म्हणाले,
"मागचं डावं. घासतंय."

"स्पीकर आहे तो!" मी ओरडलो.
त्यांनी मान हलवली,
धोटा अडकला की हलवायचे तशी.

येमूलनं ड्रम काढला.
लायनर नखाएवढंही नाही,
आत चर पडलेले, काळी भुकटी.
ती बोटावर घेऊन म्हणाला,
"एवढ्या गाण्यात ऐकलं कुणी हे?"

परतताना मी गाणं लावलंच नाही.
अप्पांनी खुणेनं विचारलं, का?
लावलं मग. आवाज पूर्ण.
दारावर तळहात ठेवून
ते डोलत राहिले
गाण्याच्या नाही,
कुठल्यातरी बंद पडलेल्या
मागाच्या ठेक्यावर.